दत्ता, नाटकात तू उठायचास

दत्ता,

रजेच्या अर्जात एक रकाना आहे, 'मयताशी नाते'. आई, वडील, पत्नी, पती, अपत्य असं छापलेलं असतं, आपण फक्त खूण करायची. मी पेन हातात घेऊन त्या रकान्यापाशी बराच वेळ बसलो. एचआरमधली मुलगी म्हणाली, "सर, मित्रासाठी ही रजा मिळत नाही. कॅज्युअल टाका." मी कॅज्युअल टाकली. तिचं काही चुकलं नाही. पण तेवढ्या वेळात काय लिहावं हे मला खरंच सुचत नव्हतं. मित्र म्हणावं, तर आपण कधी एकत्र सिनेमाला गेलो नाही. तुझं गाव मी पाहिलं नाही. तुझ्या मेव्हण्याच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये दर गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आपण दोन बाप्ये फरशीवर बसून तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी नाटक बसवायचो. सात वर्षं. याला काय म्हणतात, ते त्या अर्जात नव्हतं.

तू जाऊन आज अठरा दिवस झाले. मी रडलेलो नाही. कौतुक म्हणून सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. कामावर जातो, पार्टला कॅलिपर लावतो, आकडा वाचतो, लिहितो. आकडे बरोबर येतात. डबा खातो. बायको विचारते भाजी कशी झालीय, मी चांगली म्हणतो, आणि हात धुताना कुठली भाजी होती ते आठवत नाही. कोणीतरी आतून सगळं बंद करून गेल्यासारखं आहे.

त्या मंगळवारी माझी फर्स्ट शिफ्ट होती. साडेचारला घरी आलो, चहा ठेवला, आणि पाचच्या सुमाराला रेखावहिनींचा फोन आला. त्या ओरडत नव्हत्या. अगदी हळू बोलत होत्या, कोणी झोपलेलं असताना बोलतात तसं.

"भाऊजी, हे उठंनात."

"म्हणजे?"

"हलवून बघितलं. गार लागायलेत. तुमी येता का जरा?"

मी गॅस बंद केला का नाही, आठवत नाही. चिंचवडहून चिखलीला कुठल्या रस्त्यानं आलो तेही आठवत नाही. तुझ्या खोलीत पंधरा-वीस माणसं जमली होती. तू भिंतीकडे तोंड करून, उजवा हात उशीखाली घालून झोपला होतास. नेहमीसारखाच. नाईट करून सकाळी आठला आलास, दोन चपात्या खाल्ल्यास, 'चारला उठव' म्हणून आडवा झालास. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, झोपेतच, दुपारच्या आधीच कधीतरी. म्हणजे तू गेल्यावरही तीन-चार तास वहिनींनी कुकर लावला नव्हता. शिट्टीनं तुझी झोप मोडेल म्हणून. तुझी श्रावणी टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसली होती.

आणि मी गेलो तेव्हा, एवढी माणसं घरात असताना, कोणी रडतंय, कोणी फोनवर बोलतंय, ती माझ्याजवळ येऊन कानात कुजबुजली, "काका, बाबा झोपलेत ना?"

लोक म्हणाले, बघा, नाटकात जे करायचा तेच झालं. स्मशानात म्हणाले, दहाव्याला म्हणाले, कंपनीच्या बसमध्ये अजून म्हणतात. बोलताना जरा मान हलवतात, जणू यात काहीतरी मोठं गूढ आहे. मला त्या वाक्याचा राग येतो. अठरा दिवसांत तेवढाच एक राग मला नीट आलाय. त्यांनी नाटक पाहिलेलं नाही. नाटकात तू उठायचास.

आपली गाठ पडली ती कंपनीच्या कौटुंबिक मेळाव्यात. तू पेंट शॉपला, मी क्वालिटीत, नुसती तोंडओळख. करमणुकीच्या कार्यक्रमात कोणीतरी आपल्याला एका प्रहसनात ढकललं. मी शिकारी, तू वाघ. वाघाचा मुखवटा तू स्वतः रंगवला होतास, आणि रंगात तुझा हात धरणारं कंपनीत कोणी नव्हतंच. तू डरकाळी फोडलीस आणि पुढच्या रांगेतलं दोन वर्षांचं एक पोर असं किंचाळलं की त्याच्या आईला ते आवरेना. मग दुसरं. मग सगळी पुढची रांग. मी शिकारी तसाच बंदूक धरून उभा. आयोजक हातवारे करत होते, आटपा, आटपा.

तू मुखवटा काढलास, जमिनीवर ठेवलास आणि त्याच्या शेजारी आडवा झालास. तोंडावर बोट ठेवून त्या पोराला म्हणालास, "शूऽऽ. झोपलाय तो. दमलाय." पोर हुंदके देत थांबलं. आईच्या मांडीवरून उतरलं, रांगत स्टेजच्या कडेशी आलं आणि मुखवट्याच्या कानाला हात लावून पळालं. पुन्हा आलं. मग बाकीची आली. प्रहसन बोंबललं, पण अर्धा तास पोरं त्या झोपलेल्या वाघाला हात लावून पळत होती, आणि तू डोळे मिटून पडला होतास.

नंतर बसमध्ये तू माझ्या शेजारी येऊन बसलास. "साहेब, ध्यानात आलं का? मोठा माणूस उभा असला की पोरगं भितंय. आडवा झाला की त्याच्या मापाचा होतोय."

मी साहेब नव्हतो. पुढच्या गुरुवारपर्यंत अव्या झालो.

नाटकाचा विषय तू शोधलास असं म्हणता येणार नाही. तो तुझ्या घरातच होता. एक खोली, त्यात नाईट करून झोपलेला बाप आणि अडीच वर्षांची पोरगी. तू म्हणालास, "माझी पोरगी दिवसा बोलतच नाही, अव्या. बाहुलीशी पण कुजबुजतीय. चाळीतली सगळीच पोरं तशी. मुक्यानं खेळतेत." तुला त्याचं वाईट वाटत होतं, पण तू ते वाईट वाटण्यावर सोडलं नाहीस. म्हणालास, यातलं हसण्यासारखं काय ते बघू.

'हळू, बाबा झोपलाय'. पंचवीस मिनिटांचं नाटक. चटईवर बाबा झोपलेला, आणि त्याची मुलगी त्याला जाग येऊ नये म्हणून धडपडतेय. बाबा तू. मुलगी मी. चाळिशीला टेकलेला, मिशीवाला, लाल रिबीन लावलेला मी. मला वाटलं होतं पोरं हसतील. ती हसली नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला मुलगी म्हणून मान्य करून टाकलं. हसायची ती दुसऱ्याच गोष्टींना. कुकरची शिट्टी वाजायला आली की मी त्याच्यासमोर हात जोडायचो. बाहेरून भंगारवाल्याचा भोंगा यायचा, मी दाराकडे धावत जाऊन त्याला खुणेनं गप्प करायचो. तेवढ्यात मागं पातेलं घरंगळायचं. पोरं दोन्ही हात तोंडावर दाबून हसायची, कारण त्यांनाही तुला उठवायचं नव्हतं. तीस पोरं आवाज न करता हसतायत, असं दृश्य मी जगात दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नियम तू घालून दिलेस. तीसपेक्षा जास्त पोरं नकोत. माईक नको. अंधार नको, खिडक्या उघड्या पाहिजेत, म्हणजे पोराला त्याची अंगणवाडीची बाई दिसली पाहिजे. पोर रडलं तर नाटक थांबेल, पोर थांबणार नाही. पोर उठून आपल्यात आलं तर येऊ दे.

आणि शेवट. शेवट तुझा होता. मोबाइलचा गजर वाजतो. बाबा उठतो. मुलीकडे बघतो. मुलगी चहा देते, तो पितो. बूट घालतो आणि खऱ्या दारातून खराच बाहेर निघून जातो. मुलगी हात हलवते. संपलं.

माझं पहिल्यापासून म्हणणं होतं की हा शेवट उदास आहे. पंचवीस मिनिटं पोरं जीव मुठीत धरून बसतात, बाबा उठल्यावर काहीतरी मजा व्हायला हवी. त्यानं तिला उचलून घ्यावं. नाचावं.

"त्यो दमलाय, अव्या. कसा नाचंल?"

"नाटक आहे रे."

"पोरांना कळतंय ना, बाबा उठला की जातो. त्येंना ठाऊक असलेलं सांगितलं तर त्येंना बरं वाटतंय. खोटं सांगितलं की ती गप बसतेत, पण मनात म्हणतेत, ह्येंना काय ठाऊक न्हाई."

"आणि घरी जाताना रडवेली झाली तर?"

"झाली तर झाली. बाप जाताना रडायलाच येतंय."

हे भांडण किती वेळा झालं, मोजदाद नाही. आपण त्यात कधी एकमेकांना पटवलं नाही. तालमीच्या शेवटी चहा येईपर्यंत भांडायचो, चहा आला की थांबायचो.

एक गोष्ट आता लिहायला पाहिजे. तू कायमची नाईट मागून घेतलीस ती नाटकासाठी. अंगणवाड्या सकाळी असतात. नाईट केली की सकाळ मोकळी. सातला सुटायचं, साडेदहाला प्रयोग, मग घरी जाऊन झोप. मी आपला शिफ्ट सांभाळून, जमेल त्या आठवड्यात यायचो. तू दर वेळी असायचास. एकदा प्रयोगात तू खरंच झोपलास, आठवतंय? गजर वाजला, वाजत राहिला, तू घोरायला लागलास. मी मुलगी होऊन तुझ्याभोवती हताश फिरतोय आणि पोरं एकदम खूश. शेवटी एका पोरानं जाऊन तुझं नाक धरलं. वर्षभर आपण तो किस्सा सांगून हसलो. मीच जास्त सांगायचो. तू तेव्हा किती तास झोपत होतास, ते मी एकदाही विचारलं नाही.

आता पिंपळे सौदागरचं.

तिथल्या एका मोठ्या सोसायटीनं बोलावलं होतं. क्लब हाउस, स्टेज, दिवे, तीनशे मुलं. फोन मला आला होता. तुला विचारलं तर तू म्हणालास, तीस-तीसचे दहा प्रयोग करू, दहा रविवार. त्यांना एकच रविवार हवा होता. मी तुला सांगितलं, बरं, नको म्हणून कळवतो.

मी नको म्हणून कळवलं नाही. ऑफिसातल्या दोघांना घेतलं, बाबाचं काम दुसऱ्याला दिलं, कॉलर माईक लावले आणि शेवट बदलला. बाबा उठतो, गाणं लागतं, बाबा आणि मुलगी नाचतात, मग सगळ्या मुलांना स्टेजवर बोलावतात. तीनशे मुलं नाचली. आईबाप मोबाइल वर धरून उभे होते. मला इतक्या टाळ्या आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. आणि घामेजल्या अंगानं, रिबीन लावूनच मी समोर पाहिलं तर तू शेवटच्या खुर्च्यांच्या मागे उभा होतास. पांढऱ्या शर्टात. तुला कोणी सांगितलं, मला अजून माहीत नाही.

मी खाली आलो. तू म्हणालास, "पोरं नाचली छान." आणि गेलास.

चार महिने आपण बोललो नाही. कंपनीत पेंट शॉपच्या बाजूनं जायचं झालं तर मी लांबून वळसा घालायचो. गुरुवारी घरी बसून राहायचो. बायको म्हणाली, जाऊन माफी माग. मी म्हणालो, कसली माफी, मुलांना आवडलं ना. ते मला स्वतःलाही पटत नव्हतं.

मग एका दुपारी मी शिफ्ट संपवून गेटबाहेर आलो तर तू बाइकवर बसलेला. तुझी नाईट, म्हणजे झोपेतून उठून चाकणच्या कंपनीपर्यंत आला होतास. म्हणालास, "रविवारी ताथवड्याला जायचंय. बांधकामावरच्या बायांच्या पोरांचं पाळणाघर हाय. बारा पोरं. येतोस का?"

"येतो."

एवढंच. आपण पिंपळे सौदागरचा विषय त्या दिवशी काढला नाही, नंतरही काढला नाही. मला वाटायचं, तू काढशील तेव्हा मी बोलेन. तुला बहुतेक वाटत असेल, मी काढेन. दोन वर्षं गेली. आता मी इथं लिहितो की माझं चुकलं. शेवट बदलला ते चुकलं का, त्यावर मी अजून भांडेन. पण तुला 'कळवतो' म्हणून सांगून कळवलं नाही आणि तुझ्या जागी दुसऱ्याला झोपवलं, ते चुकलं. हे पाच शब्दांत, गेटबाहेर, बाइकवर बसता बसता म्हणता आलं असतं.

ताथवड्याला अर्धवट उभ्या इमारतीच्या तळमजल्यावर पत्र्याची खोली होती. थंडी होती. बारा पोरांपैकी मराठी कळणारी दोन-तीन. त्यानं काही अडलं नाही, आपल्या नाटकात बोलणं होतंच किती. मध्यावर चारेक वर्षांची एक मुलगी उठली. तुझ्याजवळ गेली, उकिडवी बसली, तुझ्याकडे बघत राहिली. मग तिनं अंगातला स्वेटर ओढून काढला. डोकं अडकलं, तरी काढला, आणि तुझ्या छातीवर पसरला. वीतभर स्वेटर. आणि तुझ्या शेजारी बसून राहिली, पहारा दिल्यासारखी.

मी कुकर हातात धरून उभा. गजर वाजायची वेळ झाली. तू खिशात हात घालून तो बंद केलास, मला दिसलं. तू उठला नाहीस. किती वेळ, पाच मिनिटं असेल, सगळी खोली नुसती बसून होती. पलीकडे काँक्रीट मिक्सरची घरघर. मग तू एक डोळा उघडलास आणि तिला हळूच विचारलंस, "टाइम क्या हुआ?"

ती म्हणाली, "अभी सो जाओ."

परतताना तू बाइक चालवत होतास. वाकडजवळ म्हणालास, "आज चहा न्हाई, बूट न्हाई. शेवट तिनं बदलला." मी मागून म्हणालो, "म्हणजे बदलता येतो." तू इतका हसलास की बाइक हलली. "तिला येतोय. तुला न्हाई."

दहाव्याच्या दिवशी सगळं उरकल्यावर रेखावहिनी माझ्यापाशी आल्या. त्या दिवसापर्यंत त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका. माणसं नाईट करून झोपतेत. हे नाईट करून नाटकं करायला जायचे. मी सांगायची, झोपा. म्हणायचे, अगं, तिथं जाऊन झोपायचंच काम हाय की मला."

त्यांच्या बोलण्यात शिवी नव्हती, शिवी असती तर सोपं गेलं असतं. मी मान खाली घालून उभा राहिलो आणि मला समजत होतं की मला आता वाईट वाटायला पाहिजे. वाटलं की नाही, सांगता येत नाही.

तेराव्या दिवशी चिखलीच्या अंगणवाडीतल्या सुमनताईंचा फोन आला. मंगळवारचा प्रयोग महिन्यापूर्वीच ठरला होता, त्यांना तुझं कळलेलं होतं. "नाही करायचा ना? मी फक्त विचारते," म्हणाल्या. मी म्हणालो, नाही. मग सामान आणायला तुझ्या घरी गेलो. चटई, कुकर, पातेलं, सगळं तुझ्या कपाटावर ठेवलेलं असायचं. मला ते वहिनींच्या नजरेसमोर राहायला नको होतं.

श्रावणी कपाटाला टेकून उभी होती. नऊ वर्षांची झालीय, पण त्या दिवसापासून ती कुजबुजतच बोलते. शाळेतही. बाईंनी वहिनींना बोलावून विचारलं, हिच्या घशाला काही झालंय का. घरात कोणी 'मोठ्यानं बोल' म्हटलं की ती घाबरल्यासारखी तुझ्या झोपायच्या जागेकडे बघते.

"काका, मंगळवारी नाटक आहे ना?" कुजबुजत.

"नाही गं. नाही करणार."

"बाबाचं काम कोण करत नाही म्हणून?"

"हो."

"तुम्ही करा. माझं काम मी करते."

तिनं 'मुलीचं काम' म्हटलं नाही. 'माझं' म्हणाली. दत्ता, सात वर्षं मी ती रिबीन लावून फिरलो आणि मला कधी सुचलं नाही की मी कोणाची नक्कल करतोय ते त्या पोरीला माहीत होतं.

मी वहिनींकडे पाहिलं. मला त्यांनी नाही म्हणावं असं वाटत होतं. नुकताच बाप गेलेलं लेकरू, आणि त्याच्यापुढं मी बाप होऊन झोपायचं, हे कुठल्या शहाण्या माणसाला पटेल? वहिनी भांडी विसळत होत्या. नळ बंद केला. पाठमोऱ्याच हात पदराला पुसले.

"करू द्या," म्हणाल्या. "तिला सगळं येतंय. ह्यांच्यासंगं किती वेळा केलंय इथं."

मंगळवारी सकाळी अठ्ठावीस पोरं होती. खिडक्या उघड्या. वहिनी आल्या, दाराजवळ सुमनताईंच्या शेजारी बसल्या. मी चटईवर आडवा झालो, भिंतीकडे नाही, पोरांकडे तोंड करून, तू व्हायचास तसा. डोळे मिटले.

तुझी जागा मला तेव्हा कळली. मी नेहमी उभा, धावणारा, मला पोरांचे चेहरे दिसायचे. तिथं खाली दिसत काही नाही. ऐकू येतं. अठ्ठावीस पोरांचे श्वास ऐकू येतात. कोणाचं तरी नाक वाहतंय. कोणीतरी कोणाला तरी सांगतंय, 'ए, हालू नको, उठंल ना त्यो.' तुला उठवू नये म्हणून चाललेली सगळ्यांची खटपट जमिनीतून अंगात येते. सात वर्षं तुला हे मिळत होतं. बरं झालं, मिळत होतं. मला त्यावर एवढंच म्हणायचंय.

श्रावणी माझ्यापेक्षा चांगली करते. मी विनोद करायचो, ती करत नाही. कुकरपुढं हात जोडले तेव्हा पोरं हसली, पण ती खरंच विनवत होती. पातेलं घरंगळलं तेव्हा ती थिजली, आणि माझ्या तोंडाजवळ येऊन माझा श्वास बघितला. हे नाटकात नव्हतं. तिच्या नाकाचा गार शेंडा माझ्या गालाला लागला. मी श्वास जरा मोठा सोडला, तिला ऐकू जाईल असा.

गजर वाजला.

नाचायचं का, हा प्रश्न मला आला नाही. मी उठलो. तिच्याकडे पाहिलं. तिनं रिकाम्या कपात चहा दिला, मी प्यालो. बूट घातले. दारापर्यंत गेलो. मुलीनं इथं फक्त हात हलवायचा असतो. तिनं हलवला, आणि मग मागून आवाज आला, खणखणीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा:

"बाबा, लवकर या!"

आणि पोरांनी लगेच उचललं. पोरं असलं काही सोडत नाहीत. "बाबा, लवकर याऽऽ! लवकर याऽऽ!" बाहेर रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघायला लागले. दारापाशी वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मी त्यांच्यासमोरून बाहेर गेलो, कारण तुझ्या शेवटात बाबा थांबत नाही.

बाहेर ऊन होतं. मी कठड्यापाशी उभा राहिलो. तू इथं उभा राहून काय करायचास, हे मी कधी विचारलं नव्हतं. आत टाळ्या चालल्या होत्या, मग सुमनताईंचा आवाज, मग खाऊ वाटायची गडबड. रडू येतंय का, वाट पाहिली. नाही आलं. समोरच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस ग्राइंडर चालवत होता, ठिणग्या उडत होत्या, मी त्या बघत राहिलो.

थोड्या वेळानं श्रावणी बाहेर आली. हातात केळं. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "काका, बूट उलटे घातलेत तुम्ही."

मोठ्यानं म्हणाली. सगळ्या गल्लीसमोर. मी खाली पाहिलं, खरंच डावा उजव्यात होता. पायरीवर बसलो. ती शेजारी बसली, अर्धं केळं मला दिलं, आणि मी बूट बदलेपर्यंत तिचं बोलणं चालूच होतं. कुठलं पोर पुढं सरकत होतं, कोणाची चड्डी ओली झाली, मी डोळे मिटताना पापण्या कशा हलवतो आणि त्या हलवायच्या नसतात.